नऊ वार लुगडं आणि अर्धी बादली

माझा स्वभाव तापट. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. आई म्हणायची, ही पोर नर्स झाली तर पेशंट भीतीनंच बरे होतील. नर्स झाले, नगरच्या एका दवाखान्यात काही वर्षं काढली, आणि तिथल्या मोठ्या सिस्टरशी एकदा असं कडाक्याचं वाजलं की दोघींपैकी एकीनं जायलाच हवं होतं. ती वयानं मोठी, म्हणून मी गेले. वृद्धाश्रमात माझं येणं झालं ते असं. सेवेची ओढ वगैरे नंतर लागली, आधी पोट होतं.

आश्रम सावेडीच्या पलीकडे होता. तेव्हा सावेडी म्हणजे चार बंगले आणि बाकी सगळ्या बाभळी. मैत्रिणी म्हणायच्या, "इतक्या लांब रानात कशाला नोकरी धरलीस?" आज त्या रानात फ्लॅट झालेत आणि स्कूटर लावायला जागा मिळत नाही. इमारत बैठी, कौलारू, पुढे लांबच लांब पडवी. पडवीच्या एका टोकाला पुरुषांची खोली, दुसऱ्या टोकाला बायकांची, मधे ऑफिस. आणि पाठीमागे, स्वयंपाकघराच्याही मागे, आणखी एक खोली होती. तिला सगळे 'मागची खोली' म्हणत. जे अंथरुणातून उठेनासे होत त्यांना तिकडे हलवायचं. तिथे खाटांवर रबरी कापड, खाटांखाली भांडी, आणि खिडकी एकच, तीही लाकूडफाट्याच्या ढिगाकडे उघडणारी. त्या खोलीत कुणाचे हाल होत नव्हते. जेवण वेळेवर, चादरी स्वच्छ, ते मी स्वतः बघायची. पण तिकडे गेलेलं माणूस परत पुढे आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट पडवीत बसणाऱ्या आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती.

साल बहात्तरचं. तो दुष्काळ आता कुणाला सांगून पटत नाही. आश्रमाची विहीर दिवाळीच्या आधीच आटली. टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, आणि तिच्या भाकरी थापताना आमची स्वयंपाकीण सरकारचा जो उद्धार करायची तो ऐकून भाकरीसुद्धा तव्यावर टम्म फुगायची. व्यवस्थापक साहेब मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. माणूस अगदी सरळ. सरळ माणसाचा एक मोठा त्रास असतो, त्याच्याशी भांडायला कारण सापडत नाही. टँकर आला की ते स्वतः उन्हात उभे राहायचे, टाकीत काठी बुडवून पाणी कुठवर चढलं ते बघायचे, आणि आपल्या घरच्या पाण्याचीही तशीच काटकसर करायचे. त्यांनी ठरवलं, अंघोळीला माणशी अर्धी बादली. आणि बायकांची नऊवारी लुगडी बंद. लुगडं धुवायला पाणी जास्त, पिळायला माणूस जास्त. त्याऐवजी प्रत्येकीला पांढरी पाचवारी पातळं आणि परकर. ज्यांची लुगडी होती ती उकळून, वाळवून, डांबरगोळ्या घालून कोठीत ठेवायची. पाऊसपाणी झालं की जिची तिला परत.

मला यात काहीच वावगं दिसलं नाही. आमचं घर ख्रिस्ती, आईपासून सगळ्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि गोल पातळ नेसणाऱ्या. नऊवारी म्हणजे काष्टा, काष्टा म्हणजे पोटऱ्या उघड्या, असंच आम्ही समजत आलो होतो. उलट मला वाटलं, बरं झालं, या म्हाताऱ्या जरा झाकल्या-झुकल्या दिसतील.

थंडी सरत आली होती तेव्हा जामखेडकडची एक म्हातारी आली. तिला तिच्या भाच्यानं आणलं. म्हातारी लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेली, मूलबाळ नाही, जन्म सगळा भावाच्या रानात गेला. भावाची बायको लवकर गेली म्हणून हा भाचाही तिनंच वाढवलेला. आता भाऊही नव्हता, विहिरीला पाणी नव्हतं, आणि भाचा बायको-पोरांसकट दुष्काळी कामावर खडी फोडत होता. रस्ता पुढे सरकेल तसं त्यांचं पालही पुढे सरकायचं. त्या पालात म्हातारीला उन्हात ठेवायची कशी, म्हणून त्यानं आणली. एस.टी. स्टँडपासून दोघं चालत आली. टांगा करू म्हटलं तर म्हातारी म्हणाली, पाय काय भाड्यानं दिल्यात का? मी फाटकात उभी होते. भाचा गाठोडं घेऊन मागं आणि ही पुढं, निळं लुगडं, करकचून काष्टा, पाठ ताठ. मला वाटलं, आश्रमात ठेवायचंय ते भाच्याला की काय.

निघताना भाचा फार खालमानेनं बोलत होता. "आत्ये, पाडव्याला येतो. मधी जमलं तर मधीबी येतो."

"ये. माजी काळजी करू नको," म्हातारी म्हणाली, आणि त्याला पोचवायला फाटकाबाहेर कडुनिंबापर्यंत गेली. तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली आणि परत आली.

त्या संध्याकाळी आमच्या आयाबाईनं तिला अंघोळ घातली, लुगडं कोठीत गेलं, आणि तिला परकर आणि पाचवारी नेसवली. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी उठेना.

उठेना म्हणजे अगदी उठेना. खाटेवर बसून राहायची, कमरेपासून खाली वाकळ घेऊन. जेवण खाटेवर. प्रातर्विधीला आयाबाईला धरून जायची ती पहाटे सगळ्यांच्या आधी किंवा दुपारी पडवी रिकामी असताना, आणि तीही भिंतीला चिकटून, कोंबडीच्या चालीनं. विचारलं की म्हणायची, "पायात जीव न्हाई बाई." आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी गुडघे ठोकून पाहिले, पावलं वाकवून पाहिली. काही सापडलं नाही. ते म्हणाले, घर सुटलं की होतं असं. ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली. मी रोज तिच्या पायांना तिळाचं तेल चोळायला लागले. चोळता चोळता माझं बोलणं चालूच असायचं, "आजी, उठायचं मनावर घ्या. इथे बसून राहिलेल्या माणसाचं काय होतं ते बघताय ना?" ती बघत होती. तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई त्याच महिन्यात मागच्या खोलीत गेली होती.

मधे एकदा भाचा आला. धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणली होती. आत्या खाटेवर वाकळ घेऊन बसलेली पाहून तो दारातच थबकला. बसला, इकडचं तिकडचं बोलला. जायला निघाला तरी ती उठली नाही. तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "जा बाबा." तो ऑफिसच्या दाराशी मला म्हणाला, "चालत आणली हुती वो मी. आता बगवत न्हाई." त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याची कीव आली आणि रागही आला, कारण बगवत न्हाई म्हणणारी माणसं पुढे यायची बंद होतात हे मी पाहिलेलं होतं.

तो गेल्यावर म्हातारीनं बोरांना हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं पाव्हना असू दे, घरचा असू दे, निगाला की बांधापत्तुर पोचवायचा. न पोचवल्यालं मानूस पुन्हा येत न्हाई."

"मग उठून का नाही पोचवलं?"

तिनं वाकळ आणखी वर ओढली.

त्याच सुमारास व्यवस्थापक साहेबांनी मला बोलावलं. दुष्काळामुळे आणखी म्हाताऱ्या माणसांसाठी विचारणा होत होती, पुढच्या खोलीत खाट हवी होती. "पाडवा झाला की जामखेडच्या आजींना मागे हलवू. तिकडे आयाबाईचं लक्ष राहतं, त्यांचीच सोय होईल." रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते खरोखर वाईट वाटून म्हणाले. मी 'बरं' म्हटलं आणि बाहेर येऊन आयाबाईवर विनाकारण ओरडले.

मग एका दुपारी मी बायकांच्या खोलीत औषधाची बाटली विसरले होते ती घ्यायला गेले. सगळ्या पडवीत होत्या. आत पाहते तर म्हातारी उभी. खाटेच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळात, कशाचाही आधार न घेता, सरळ. परकर सोडून ठेवलेला, आणि त्या पाचवारीचा एक सोगा दोन पायांमधून मागे घेऊन ती कमरेत खोचत होती. पाच वारात काष्टा घातला तर उरतं काय? पातळ गुडघ्याच्या वर गेलेलं, आणि पदर म्हणून हातभर चिंधी, ती डोक्यापर्यंत पोचेना. तिनं ती डोक्यावर ओढून पाहिली, सुटली. पुन्हा ओढली. मग तिला मी दिसले आणि ती मटकन खाली बसली.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे पाय आहेत! रोज मी इथे गुडघे टेकून तेल चोळते, डॉक्टर इंजेक्शनं देतात, भाचा रडत जातो, आणि तुम्ही सोंग करताय?"

म्हातारीनं पातळ गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "पाय हायती गं बाई. पायांवर काय हाय ते बग की."

"काय आहे? चांगलं स्वच्छ पातळ आहे."

"हे पातळ? हे नेसून मी त्या पडवीतनं जाऊ? खालनं सगळं मोकळं. वारं आलं की दोनी हातांनी धरावं लागतं. पाय टाकला की वाटतं सुटतंय. साठ-सत्तर वर्सं झाली, कासोट्याबिगर मी घराभाईर पडले न्हाई. रानात, बाजारात, भाऊ गेला त्या दिवशी नदीवर, कुटंबी. तिकडं गडीमानसं बसत्यात. त्यांच्याम्होरनं असं उघडं जायाचं?" तिनं तो चिंधीएवढा पदर पुन्हा हातात घेतला. "डोईवर पदर घ्यावा तर कासोटा न्हाई, कासोटा घालावा तर डोकं उघडं. आता तूच सांग, कंचं झाकू?"

मी खाटेवर बसले. माझ्या लेखी काष्टा म्हणजे उघडं आणि गोल पातळ म्हणजे झाकलेलं. तिच्या लेखी नेमकं उलटं. आम्ही तिला घाऱ्या-पुऱ्यांच्या जागी मिलोची भाकरी दिली असती तर ती निमूट खाल्ली असती, खात होतीच. पण आम्ही तिला रोज सकाळी, आमच्या मतानं नीट नेसवून, तिच्या मतानं उघडं करून बसवत होतो. आणि ती भल्या घरची बाई ते बोलूनही दाखवत नव्हती, कारण बोलायचं कुणाजवळ? नेसवणारी आयाबाई साहेबांच्या हुकमाला बांधलेली, डॉक्टर पुरुष, आणि मी स्वतःच गोल पातळवाली.

"भाच्याला तरी सांगायचं."

"त्येला काय सांगू, आत्याला कासोटा दे म्हणून?" म्हातारीला त्या परिस्थितीतही हसू आलं.

मी तशीच ऑफिसात गेले. अडचण अशी की काष्ट्याची गोष्ट व्यवस्थापक साहेबांशी बोलायची कशी! मी म्हटलं, "जामखेडच्या आजींना त्यांचं लुगडं परत द्या. सवयीचा कपडा नाही म्हणून त्या उठत नाहीत."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "सिस्टर, कपड्यानं पाय चालतात का?"

"साहेब, उद्या तुम्ही परकर नेसून कापडबाजारातून एक फेरी मारून या. मग सांगा, पाय चालतात की नाही."

आता आपली ही नोकरीही गेली, असं मला वाटलं. साहेबांचा चेहरा लाल झाला, त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळू आवाजात म्हणाले, "असं आहे होय ते." आणि टाकीच्या दिशेनं बघत, "पण सिस्टर, पाणी? एकीला दिलं की बाकीच्याही मागतील, आणि मागतील ते बरोबरच असेल. नऊ वारांना पाणी मी आणू कुठून? ते तुम्ही सांगा, लुगडं आत्ता काढतो."

सरळ माणूस. मी पाय आपटत बाहेर आले. ऑफिसचं दार उघडंच होतं, आणि दाराबाहेर पडवीत एक रिटायर हवालदार नेहमीसारखे मिशीला पीळ भरत बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांच्या न्हाणीपाशी अंघोळीची वाटणी चालू होती. हवालदारांनी आपली अर्धी बादली उचलली, पडवीतून चालत आणली आणि बायकांच्या टोकाला धुण्याच्या दगडापाशी ठेवली. आयाबाई म्हणाली, "काका, हे काय?"

"आज माझी अंघोळ नाही. बायकांच्या कपड्यांना घ्या." एवढंच बोलून ते वळले, आणि पुरुषांच्या खोलीच्या दारात उभे राहून पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "एक दिवसाआड अंघोळ. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. त्यातल्या अर्ध्यांना तर असं निमित्त जन्मभर हवंच होतं. एक आजोबा म्हणाले, मी दोन दिवसांआड करतो, उपकार नका मानू. पण गंमत बाजूला, त्या पुरुषांपैकी एकानंही कधी विचारलं नाही की बायकांच्या कपड्यांचं एवढं काय. सगळ्यांना समजलं होतं. सगळ्यांच्या घरी आया-बहिणी होत्याच की. व्यवस्थापक साहेब टाकीपाशी उभे होते. त्यांनी बादल्यांकडे पाहिलं, खिशातून कोठीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

निळं लुगडं डांबरगोळ्यांच्या वासासकट आलं. आता ते नेसवायचं कुणी? महिनाभर बसून म्हातारीच्या हातांना पूर्वीसारखा नेट राहिला नव्हता, आयाबाई पाणी तापवायला गेलेली. मी म्हटलं, आणा, मी नेसवते. माणसाची हाडं बसवायला शिकलेय मी, लुगडं काय मोठंसं! पहिल्या खेपेला निऱ्या माझ्या हातात आल्या. दुसऱ्या खेपेला काष्टा इतका ढिला झाला की म्हातारी वैतागली.

"अगं वढ की! मी काय काचंची हाय फुटाया?"

मी ओढला. तोवर खोलीतल्या सगळ्या जमल्या होत्या आणि प्रत्येकीचं मत वेगळं. शेवगावकडची एक म्हणाली, काष्टा असा नाही, असा खोचायचा. म्हातारी म्हणाली, ते तुमच्याकडं, आमच्याकडं असाच. दोघींचं चांगलंच जुंपलं. महिनाभर जिच्या तोंडून चार शब्द निघाले नव्हते ती कमरेवर हात ठेवून भांडत होती, आणि भांडता भांडता उभी होती. माझ्या ते आधी ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा मी उगाचच सगळ्यांना दरडावलं, "गर्दी कमी करा!"

पण लगेच ती चालायला लागली असं नाही. इतके दिवस बसून पाय खरेच गंजले होते. सोंग म्हणून मी ज्याला नाव ठेवलं ते हळूहळू खरंही व्हायला लागलं होतं. पहिल्या दिवशी खोलीच्या दारापर्यंत गेली आणि गुडघा लचकला. दुसऱ्या दिवशी पडवीचा पहिला खांब. साहेब रोज ऑफिसातून बघायचे आणि मी त्यांच्या बघण्याकडे बघायची. पाडवा जवळ येत होता. नवी आलेली एक म्हातारी सोय नाही म्हणून कोठीत सतरंजी टाकून झोपत होती, त्यामुळे साहेबांना तरी किती बोलणार! मी म्हातारीला सकाळ-संध्याकाळ चालवायची. दमली की ती खांबाला टेकायची आणि म्हणायची, "पाडव्याला त्यो येनार. फाटकापत्तुर तरी गेलं पायजे." मी म्हणायची, फाटकापर्यंतच काय, जामखेडपर्यंत जाल. पण मला खात्री नव्हती.

इकडे बाकीच्याही मागू लागल्या. साहेब म्हणाले होते ते खरं ठरलं. शेवगावकडच्या बाईंनी आपलं लुगडं मागितलं, मग आणखी दोघींनी. ज्या पाचवारीत खूश होत्या त्या तशाच राहिल्या. त्यांना सुटसुटीत वाटायचं. धुण्याची युक्ती त्यांनी आपसात काढली. लुगडं रोज धुवायचं नाही, पाळीनं धुवायचं, आणि एकीचं लुगडं खळबळलेल्या पाण्यात दुसरीचं पहिलं धुणं काढायचं. मागच्या खोलीतली ती शेजारीणसुद्धा म्हणाली, मला नेसवा. आयाबाई म्हणाली, "आजी, तुम्हाला उठायचं तर नाही." ती म्हणाली, "पडून र्‍हायचं म्हनून काय झालं?" आम्ही तिला पडल्या पडल्या नेसवलं. ती काही उठली नाही. पण तिनं खाट दाराकडे तोंड करून लावायला सांगितली, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागली.

पाडव्याला ऑफिससमोर गुढी उभी होती. भाचा उन्हं चढल्यावर आला, हातात साखरेची गाठी. फाटकातून मान खाली घालूनच आला. तो थेट मला म्हणाला, "बाई, आत्या मागल्या खोलीत असंल तर..." आणि त्याचं बोलणं तिथेच राहिलं, कारण म्हातारी पडवीच्या पायरीवर बसली होती. ती उठली. खांबाला हात लावला, सोडला, आणि दोन पायऱ्या उतरून अंगणात आली. पदर डोक्यावर, पाठ पहिल्या दिवसासारखी ताठ नव्हती, पण होती.

भाच्यानं गाठी तशीच हातात धरली आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "मी येनारच नव्हतो आत्ये. बायकू म्हनली, सणाचं जा."

"तिला म्हनावं शानी हायेस," म्हातारी म्हणाली. "रडतुयास काय? बस. जेवून जा."

तो जेवला. मिलोची भाकरी, डाळ, आणि सणाचा म्हणून गुळाचा खडा. निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर चालायला लागली. मी मागून जाणार होते, पण हवालदारांनी हात आडवा केला. "राहू द्या सिस्टर. त्यांचं ते बघतील." फाटकापाशी ती थांबेल असं वाटलं. थांबली नाही. हळूहळू, मधे एकदा भाच्याच्या खांद्याला धरून, ती पहिल्या दिवशी गेली होती त्या कडुनिंबापर्यंत गेली. तिथे उभी राहून तिनं त्याला काहीतरी सांगितलं, पाठीवरून हात फिरवला आणि तो रस्त्याला लागला. ती बराच वेळ उभी होती. परत आली तेव्हा घामानं भिजली होती. मला म्हणाली, "पोचिवला. आता येईल त्यो."

साहेब ऑफिसच्या दारात होते. मी म्हटलं, "आजींना मागच्या खोलीत हलवायचं का, साहेब?" ते म्हणाले, "कोठी रिकामी करतोय. त्यात दोन खाटा बसतील." आणि चष्मा पुसत आत गेले.

भाचा येत राहिला. त्याच वर्षी दसऱ्यानंतर, गावाकडे विहिरीला पाणी आल्यावर, तिला घेऊन गेला. जाताना मी तिला फाटकापर्यंत पोचवलं. तिनं मला खूण करून अजून पुढं चल म्हटलं, आणि मी कडुनिंबापर्यंत गेले.

आता मी स्वतः म्हातारी आहे. सावेडीतच राहते, मुलाकडे, लिफ्टच्या इमारतीत. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सूनबाई गुणाची आहे. तिनं सोयीचे चार गाऊन आणले आणि दिवसभरासाठी एक मुलगी ठेवली. डॉक्टर म्हणायचे, आजी, चाला. मी खोलीतल्या खोलीत चालायची. बाहेर जिन्यात, लिफ्टपाशी, शेजारची माणसं असतात. "गुडघा दुखतोय," मी म्हणायची. बरेच दिवस म्हटलं. मग एक दिवस लेक आली होती, ती निघाली, आणि मी खाटेवरून तिला म्हटलं, "जा बाई." म्हटलं आणि माझा मलाच एवढा राग आला की विचारू नका.

"थांब गं," मी लेकीला म्हटलं, आणि त्या कामाच्या मुलीला म्हटलं, "कपाटातली साडी काढ."

"आजी, मला नेसवता येत नाही. मी स्वतः कधी नेसलेच नाहीये."

"मग शीक. मलाही येत नव्हतं."

पहिल्यांदा निऱ्या तिच्या हातात आल्या. दुसऱ्यांदा तिनं इतक्या हळू खोचल्या की पुन्हा सुटल्या. "ओढ की," मी म्हटलं, "मी काय काचेची आहे फुटायला?" तिनं ओढलं. लेक दारात उभी राहून हसत होती. मग मी काठी घेतली आणि तिला लिफ्टपर्यंत पोचवून आले.